कपकेकवरची ग्रहमाला

तळहातावर मावणाऱ्या केकवर चंद्र, शनी, रॉकेट किंवा चांदण्यांनी भरलेले आकाश उभे करायचे, याला बेकिंग करणारी मंडळी ‘स्पेस थीम कपकेक’ म्हणतात. मुलांच्या वाढदिवसाला ते होतातच. शिवाय चंद्रयान-३ मधला ‘विक्रम’ २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांच्या सुमारास चंद्रावर उतरला आणि या कपकेकना वर्षातला एक हक्काचा दिवस मिळाला. २०२४ पासून २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होतो. ही तारीख ऐन पावसाळ्यात आणि बहुतेक वर्षी श्रावणात येते. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर असलेल्या, ठाण्याशेजारच्या कळव्यात तेव्हा हवा इतकी दमट असते, की उघडी ठेवलेली पिठीसाखर तासाभरात गोळा होते. शिवाय श्रावणात अंडे न चालणारी घरे पुष्कळ. त्यामुळे परदेशी पुस्तकातली कृती जशीच्या तशी इथे उतरवली, तर केक जमतो पण सजावट घाम धरते. कळव्यातला अंतराळ कपकेक इथल्या हवेला धरून बेतावा लागतो, आणि त्यावरचा ग्रह खऱ्या ग्रहासारखा दिसावा लागतो. यातले काहीच अवघड नाही, मात्र दोन्हीकडे लक्ष हवे.

घरी भाजण्याची आवड मराठी घरांना नवी नाही. मैदा, तूप, साखर मळून पत्र्याचे ट्रे बेकरीत न्यायचे आणि नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत गावोगावी होती. नंतर झाकणाला काचेची खिडकी असलेला गोल अ‍ॅल्युमिनियमचा विजेचा ओव्हन आला. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी कढईत वाळू तापवून त्यावर रव्याचा केक केला. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद पडल्यावर अनेक घरांत ओटीजी आला आणि तिथून घरगुती बेकिंगला मोठाच जोर चढला. या सगळ्यात कपकेक हा फ्लॅटच्या लहान स्वयंपाकघराला सर्वांत सोयीचा. तो कापावा लागत नाही, आडवे थर लावावे लागत नाहीत, आणि एखादा बिघडला तरी बाकीचे अकरा शाबूत राहतात. शिवाय एका घाण्याचे बारा कप या विषयाला नेमके पुरतात: आठ ग्रह, सूर्य, चंद्र आणि उरलेल्या दोघांवर रॉकेट वा आकाशगंगा.

अंडे, दूध, लोणी, कंडेन्स्ड मिल्क यांपैकी काहीच न लागणारा चॉकलेट केक या कामाला उत्तम. बारा कपांसाठी १९० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम कोको, एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ एकत्र दोनदा चाळून घ्यावे. दुसऱ्या भांड्यात २४० मिलिलिटर पाणी, ८० मिलिलिटर बिनवासाचे तेल, एक मोठा चमचा पांढरे व्हिनेगर आणि थोडा व्हॅनिला इसेन्स फेटावा. दोन्ही एकत्र केल्यावर पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळावे. जास्त घोटले की मैद्यातले ग्लुटेन ताणले जाते आणि केक चिवट होतो. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा पातळ असते, त्याची धास्ती घेऊ नये आणि वरून मैदाही घालू नये. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की लगेच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटू लागतात. केक फुगतो तो त्यांच्यामुळे, म्हणून भांडे ओट्यावर ठेवून फोन घ्यायला जायची सोय इथे नाही. ओव्हन आधी तापलेला हवा आणि मिश्रण कालवल्याबरोबर कपात जायला हवे.

कागदी कप दोन तृतीयांश भरावेत. १८० अंश सेल्सिअसला अठरा ते वीस मिनिटांत केक होतो. मधोमध टोचलेली काडी कोरडी निघाली की बाहेर काढावा. तापमानाची एक गंमत अंतराळ कपकेकसाठी फार उपयोगी पडते. ओव्हन जास्त तापलेला असला तर कडा लवकर घट्ट होतात, मधले मिश्रण वर ढकलले जाते आणि घुमट तयार होतो. १६० ते १६५ अंशांवर थोडा जास्त वेळ भाजले, तर माथा सपाट राहतो. गुरू, मंगळ, नेपच्यून यांना घुमट शोभतो. विवरे आणि आकाशगंगा यांना सपाट माथा लागतो. त्यामुळे अर्धे मिश्रण एका तापमानाला आणि अर्धे दुसऱ्याला भाजण्याची खटपट वाया जात नाही. दुसऱ्या घाण्याचे मिश्रण मात्र ऐनवेळीच कालवायचे.

मफिन ट्रे नसला तर कागदी कप स्टीलच्या छोट्या वाट्यांत बसवावेत, ते पसरत नाहीत. ओव्हन नसला तर जाड बुडाची कढई घ्यावी, तळाशी मिठाचा बोटभर थर द्यावा, वर स्टँड ठेवून झाकण लावावे, दहा मिनिटे तापवावी आणि मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटे भाजावे. शिट्टी आणि रबर काढून कुकरमध्येही केक करतात, पण कोरडा तापवल्याने कुकर खराब होतो. कढई बरी.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय सजावटीला हात लावू नये. इथून पुढे कळव्याची हवा आपले म्हणणे मांडू लागते. परदेशी चित्रांत दिसणारे टोकदार, चकचकीत थर बहुधा लोणी आणि पिठीसाखरेच्या बटरक्रीमचे असतात. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते, आणि मे महिन्यात दुपारी गॅस चालू असलेल्या स्वयंपाकघराचे तापमान त्याच्या पुढे गेलेले असते. तिथे बटरक्रीमची आकाशगंगा केकवरून खाली ओघळते. म्हणून इथले घरगुती बेकर बहुतकरून वनस्पती तेलापासून केलेले व्हिप क्रीम वापरतात. ते गोठलेले मिळते. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून सैल करावे, अर्धवट बर्फाळ असतानाच फेटायला घ्यावे, आणि भांडे व बीटरची पाती आधी पंधरा मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावीत. पाते उचलल्यावर क्रीमचे टोक ताठ उभे राहिले की थांबावे. त्यापुढे फेटले तर क्रीम फाटते, रवाळ होते आणि नोझलमधून तुटक पडते.

याहून खात्रीचा मार्ग गनाशचा. २०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट आणि १०० ग्रॅम गरम फ्रेश क्रीम एकत्र ढवळले की घट्ट, चमकदार गनाश तयार होते. ते कोमट असताना कपकेक उलटा धरून माथा त्यात बुडवावा, हलकेच फिरवून उचलावा आणि सरळ ठेवावा. अर्ध्या तासात त्यावर गुळगुळीत काळपट आकाश तयार होते, तेही न रंगवता. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतिजन्य चरबी असते, म्हणून त्याला टेंपरिंग, म्हणजे ठरावीक तापमानांना गरम-गार करणे, लागत नाही. चवीला ते खऱ्या चॉकलेटच्या खालचे, यात शंका नाही. पण ग्रहांचे भाग, कडी, रॉकेटचे पंख करायला त्याच्याइतके सोपे दुसरे काही नाही. फाँडंटचे रॉकेट करायचे असल्यास दोन दिवस आधी करावे. फाँडंट म्हणजे जवळजवळ सगळी साखरच. हवेतले पाणी ती ओढून घेते. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या फाँडंटवर पाण्याचे थेंब जमतात आणि रंग ओघळतो. फाँडंटमध्ये चिमूटभर सीएमसी पावडर मळली, तर तुकडे कडक वाळतात. ते हवाबंद डब्यात बाहेरच ठेवावेत आणि अगदी शेवटी केकवर लावावेत.

रंगांच्या बाबतीत बहुतेकांची पहिली अडचण निळ्याची असते. नेहमीच्या टेबल बटरमध्ये पिवळसर रंग आणि मीठ दोन्ही असते. त्यात निळा घातला की हिरवट समुद्र तयार होतो. लोणी वापरायचेच असेल तर बिनमिठाचे पांढरे घ्यावे आणि निळ्यात जांभळ्याचा एक ठिपका टाकावा, म्हणजे पिवळेपणा मरतो. पाण्यासारखे पातळ रंग क्रीम सैल करतात, म्हणून जेल रंग वापरावेत. त्यांचा रंग काही तासांनी आपोआप गडद होतो. रात्री फिका वाटलेला निळा सकाळी हवा तसा दिसतो. हा धीर धरला नाही तर रंग ओतले जातात आणि मुलांच्या जिभा दिवसभर निळ्या राहतात. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनी खाद्यपदार्थांत परवानगी दिलेले कृत्रिम रंग आठच आहेत. निळे त्यांत दोन, इंडिगो कार्मिन आणि ब्रिलियंट ब्लू. काळा त्यांत नाही. काळा म्हणून मिळतो तो मिश्रणाचा असतो आणि तो भरपूर घालावा लागतो. अंतराळाचा काळा रंग कोको आणि डार्क चॉकलेटमधूनच काढावा, हे आरोग्याला आणि चवीलाही चांगले.

आता ग्रह. ग्रहमाला खऱ्या प्रमाणात करता येत नाही, हे आधी समजून घ्यावे. सात सेंटीमीटर रुंदीचा कपकेक गुरू मानला, तर पृथ्वी जेमतेम सहा मिलिमीटरची, भिजवलेल्या साबुदाण्याएवढी होते आणि सूर्य सुमारे ६८ सेंटीमीटरचा. प्रमाण सोडून दिले, तरी रंग आणि खुणा मात्र सोडू नयेत. मुले त्या लक्षात ठेवतात.

गुरू करायला सर्वांत समाधानाचा. पांढऱ्या, फिकट बदामी आणि तपकिरी क्रीमच्या आडव्या रेघा घुमटावर ओढाव्यात आणि सपाट सुरीने एकाच दिशेने एक हात फिरवावा. रेघा एकमेकींत किंचित मिसळतात आणि ढगांचे पट्टे दिसू लागतात. सुरी गोल फिरवली की भोवरा होतो, गुरू होत नाही. गुरूवरचा मोठा लाल डाग म्हणजे पृथ्वीहून मोठे वादळ आहे आणि ते दक्षिण गोलार्धात आहे. त्यामुळे तो ठिपका मधल्या रेषेच्या खाली, आठ-नऊ मिलिमीटरचा आणि विटकरी रंगाचा द्यावा. बाजारच्या चित्रांत तो कुठेही असतो. शनीला कडी हवीत. वितळवलेले पांढरे कंपाउंड बटर पेपरवर पातळ पसरावे, अर्धवट घट्ट झाल्यावर मोठ्या आणि लहान गोल कटरने कडे कापून घ्यावे आणि पूर्ण कडक झाल्यावर क्रीमच्या गोळ्याभोवती तिरके बसवावे. शनीचा अक्ष सुमारे २७ अंशांनी कललेला आहे, म्हणून कडे तिरके बसवणे खऱ्यालाही धरून आहे.

मंगळ टोमॅटोसारखा लाल करण्याची चूक सर्रास होते. त्याचा रंग लोखंडाच्या गंजाचा, म्हणजे तपकिरीकडे झुकलेला केशरी. मारी बिस्किटांचा चुरा, थोडा कोको आणि केशरी रंग हाताने चोळून घुमटावर दाबला की तो रंग आणि ती धूळ दोन्ही साधतात. रंग गुळाच्या पावडरीनेही छान येतो, पण पावसाळ्यात ती पाझरते. दोन्ही ध्रुवांवर पिठीसाखरेची टोपी द्यावी. बुध राखाडी आणि विवरांनी भरलेला; शुक्र पिवळट पांढऱ्या ढगांखाली झाकलेला, त्यावर काहीच काढायचे नाही. सूर्य अवकाशातून पांढरा दिसतो. तरीही पिवळा सूर्य करायला हरकत नाही, मुलांना तो तसाच हवा असतो.

नेपच्यूनची गोष्ट थोडी वेगळी. १९८९ मध्ये ‘व्हॉयेजर-२’ त्याच्याजवळून गेले. तेव्हा प्रसिद्ध झालेल्या चित्रांत ढगांचे बारकावे दिसावेत म्हणून रंग गडद केले होते आणि जगभर नेपच्यून गर्द निळा म्हणून रूढ झाला. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पॅट्रिक अर्विन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की युरेनस आणि नेपच्यून दोन्ही फिकट हिरवट निळेच आहेत. नेपच्यूनमध्ये निळ्याची छटा किंचित जास्त, एवढेच. दोन्हींच्या वातावरणातला मिथेन वायू लाल प्रकाश शोषून घेतो, म्हणून हा रंग. तेव्हा एकाच वाटीत फिकट हिरवट निळे क्रीम करावे, अर्ध्यात निळ्याचा आणखी एक थेंब घालावा, आणि दोन ग्रह तयार. रंगही कमी लागतो.

चंद्र राखाडी छटेच्या पांढऱ्या क्रीमचा. त्यावर जुन्या लाव्हाची मैदाने गडद डागांच्या रूपात दिसतात. कोको मिसळलेल्या क्रीमचे ते डाग आधी द्यावेत आणि मग नोझलच्या मागच्या गोल कडेने विवरे दाबावीत. ‘विक्रम’ची जागा दाखवायची तर काडीवरचा छोटा झेंडा अगदी खालच्या भागात लावावा. यान चंद्राच्या ६९ अंश दक्षिणेला उतरले, आणि त्या ठिकाणाचे ‘शिवशक्ती’ हे नाव आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने मार्च २०२४ मध्ये मान्य केले. झेंडा मधोमध लावला तर तो विक्रमचा राहत नाही.

विवर म्हटले की महाराष्ट्राकडे स्वतःचे एक आहे आणि कपकेकवर त्याला जागा मिळायलाच हवी. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झाले. असे विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ आहे. चंद्रावरची मैदानेही बेसाल्टचीच, म्हणून चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार मोलाचे वाटते. डार्क चॉकलेटचा कपकेक हा बेसाल्टला अगदी योग्य. लोणारची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून खोली सुमारे दीडशे मीटर. त्या हिशेबाने सहा सेंटीमीटरच्या कपकेकवर खळगा फक्त पाच मिलिमीटर खोल हवा. चमच्याने विहीर खणू नये, उथळ पसरट कोरावे. काठावर कोरलेला चुरा गनाशने चिकटवावा, म्हणजे उल्केच्या आघाताने उचललेली कड दिसते. मध्ये सरोवर. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते. खारे पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले. हा गुलाबी रंग बिटाच्या रसातून मिळतो. चायना ग्रास पाण्यात उकळून विरघळवावे, साखर घालावी, गॅस बंद केल्यावर बिटाचा रस मिसळावा आणि खळग्यात चमचाभर ओतावे. रस उकळला तर रंग तपकिरी पडतो. चायना ग्रासची जेली एकदा जमली की खोलीच्या उष्णतेने वितळत नाही, त्यामुळे कळव्याच्या उन्हाळ्यातही हे सरोवर टिकते.

आकाशगंगेसाठी पायपिंग बॅगच्या आतल्या बाजूंना निळ्या, जांभळ्या आणि गुलाबी जेल रंगाच्या उभ्या रेघा ओढाव्यात, मध्ये चॉकलेटचे किंवा गडद निळे क्रीम भरावे आणि वन-एम नोझलने बाहेरून आत वळत यावे. प्रत्येक वळणाला रंगांचे पट्टे वेगळे पडतात. चांदण्यांसाठी दुकानातल्या चकाकीपेक्षा पांढरी खसखस सरस. गनाश ओलसर असताना दोन बोटांनी उंचावरून भुरभुरवली, तर ती कुठे दाट, कुठे विरळ पडते आणि आकाशासारखी दिसते. दिव्यांच्या उजेडामुळे कळव्याच्या गच्चीवरून चंद्र, शुक्र, गुरू, शनी आणि मोजके ठळक तारे, एवढेच हाती लागतात. दाट आकाश पाहायला इथली मुले वांगणीसारख्या ठिकाणी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांना जातात. तिथून आलेले मूल खसखशीचा दाट पट्टा आकाशगंगेसारखा तिरका का टाकायचा, हे सांगू शकते.

खऱ्या अंतराळात मात्र केकचा बेत जमत नाही. कारण चुरा. तो खाली पडत नाही, तरंगत राहतो, यंत्रात आणि डोळ्यांत शिरतो. मार्च १९६५ मध्ये जेमिनी-३ मध्ये जॉन यंग यांनी गुपचूप नेलेले सँडविच चुरा सुटू लागल्याने लगेच खिशात परत गेले. १९८५ मध्ये मेक्सिकोचे रोडोल्फो नेरी वेला यांनी मक्याच्या देशातली पोळी, म्हणजे तोर्तिया, नेली आणि ब्रेडची जागा तिने घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये अंतराळ स्थानकावर खास भट्टीत चॉकलेट चिप कुकी भाजून पाहिल्या. पृथ्वीवर ज्याला वीसेक मिनिटे पुरतात, त्याला तिथे दोन तास लागले. भाररहित अवस्थेत गरम हवा वर जात नाही, त्यामुळे हवा फिरून उष्णता सगळीकडे पोचत नाही. जून २०२५ मध्ये स्थानकावर गेलेल्या शुभांशु शुक्ला यांनी सोबत गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. तिन्ही ओलसर, चिकट, चुरा न सांडणारे.

सामानासाठी ठाण्याचा जांभळी नाका जवळचा. नोझल, साचे, कटर यांची मोठी निवड हवी असल्यास सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केट गाठावे. गोठलेले व्हिप क्रीम मात्र घराजवळूनच घ्यावे, कारण कळव्याला थांबणाऱ्या धीम्या लोकलच्या प्रवासात ते वितळते आणि पुन्हा गोठवलेले क्रीम नीट फुलत नाही. चकाकी घेताना डब्यावर ती खाण्याची असल्याचे स्पष्ट लिहिलेले आणि परवाना क्रमांक छापलेला पाहावा. ‘बिनविषारी’ एवढेच लिहिलेली चकाकी हस्तकलेची असते. चांदीचा वर्ख चालतो, त्यासाठी ९९९ शुद्धतेची अट आहे. घरून विकायचे असल्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते.

व्हिप क्रीमचे कपकेक फ्रिजमध्ये झाकून ठेवावेत आणि दोन दिवसांत संपवावेत. गनाशचे उन्हाळ्यात बाहेर ठेवले तर त्याच दिवशी. रिक्षाने कळवा पुलावरून ठाण्याला न्यायचे असतील, तर खाचांचा खोका घ्यावा आणि शनीची कडी वेगळ्या डबीत नेऊन तिथे पोचल्यावर लावावीत.